हमीपत्रावर सही कोणाची?

आमचं समुपदेशन केंद्र रायगड जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. नवऱ्यानं का मारलं, याची कारणं इथं ठरलेली असतात: दारू, संशय, माहेरचे पैसे, भाजीतलं मीठ. त्या सोमवारी मात्र अर्जदार बाईचा दीर भावाच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म घेऊन आला.

भाऊ कबड्डीपटू. खेळाच्या जोरावर कंपनीत चिकटलेला, एरवी गावच्या मंडळाकडून खेळणारा. जागा कव्हरची, म्हणजे चढाई करणाऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला डॅश मारून बाहेर काढायचं काम. त्यात समोरच्याचा गुडघा किंवा कोपर कानशिलात बसणं ठरलेलंच. गेल्या मोसमात तो असाच मॅटवर बेशुद्ध पडला. पाणी मारून उठवला आणि उत्तरार्धात पुन्हा उतरवला. हे सांगताना दिराच्या आवाजात थोडं कौतुकच होतं.

"तेव्हापासून तो असा झालाय, मॅडम. टीव्हीचा आवाज सहन होत नाही. ड्यूटी विसरतो. मध्येच रडत बसतो."

पोरगा वाचून आला होता. बोस्टन विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार निघाला. त्याच लीगमधल्या कॅन्सस सिटी संघाच्या जोव्हान बेल्चर या खेळाडूनं डिसेंबर 2012 मध्ये आपल्या मैत्रिणीला घरात गोळ्या घातल्या, मग स्वतःवर झाडली. वर्षभरानं शव उकरून मेंदू पाहिला तर त्यातही तशाच खुणा. हे सगळं मोबाइलवर दाखवून तो मुद्द्यावर आला: "आजारी माणूस आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, पुन्हा हात उचलणार नाही. वहिनीला नांदायला पाठवा."

ते आकडे मला माहीत होते. ते मेंदू घरच्यांनी दान केलेले. ज्यांना आपल्या माणसात काहीतरी बिघडल्याचं दिसलं, तीच कुटुंबं बहुधा पुढे आली. त्यामुळे 111 पैकी 110 हा सगळ्या खेळाडूंचा हिशेब होत नाही. शिवाय सीटीईचं निदान माणूस गेल्यावर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवूनच पक्कं होतं. त्या फिल्मवर ते उमटणार नव्हतं. बेल्चरच्या रक्तात दारूही होती. आणि मैत्रिणीला मारून तो संघाच्या मैदानावर गेला, तिथं प्रशिक्षकाचे आणि व्यवस्थापकाचे आभार मानले, मग त्यांच्यासमोर स्वतःला संपवलं. मारणाऱ्यानं कोणाला मारलं नाही, हे मी नेहमी बघते.

म्हणून ठेवणीतला प्रश्न विचारला, "कामावर कधी कोणावर हात उचललाय?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं आणि तिथंच 'रागावर ताबा राहत नाही' हे रडगाणं संपतं. दीर म्हणाला, "सुपरवायझरच्या अंगावर धावला. मेमो मिळालाय." इथं मात्र मी थबकले.

वहिनी शेजारच्या खोलीत होती. मारहाणीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आम्ही एकत्र बसवत नाही. तिनं सांगितलं, पहिली थप्पड लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, म्हणजे त्या दुखापतीच्या कितीतरी आधी. "पण तेव्हा थांबायचे. आता थांबत नाहीत."

तेवढं पुरेसं होतं. मी दिराकडे परत गेले. म्हटलं, "दादा, तुमचं म्हणणं खरं धरू. त्यांचा हात त्यांच्या ताब्यात नाही. मग हमीपत्रावर सही कोण करणार?" तो गप्प झाला. दारुड्याच्या शपथेवर विश्वास ठेवायला मी एकवेळ तयार होईन. दारू सोडलेले लोक पाहिलेत मी. ज्याच्या मेंदूलाच इजा झाली असं घरचे स्वतः सांगतात, त्याच्या घरात बाईला आणि लेकराला मी कशाच्या भरवशावर पाठवू?

अर्ज भरताना लक्षात आलं, वहिनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. खिडकीकडे पाठ करून बसली होती, उजेड डोळ्यांना टोचतो म्हणाली. "गळा दाबला होता का? डोकं कुठं आपटलं होतं का?" हे आम्ही प्रत्येकीला विचारतो. ती म्हणाली, दाराच्या चौकटीवर, दोनदा. एकदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली होती. त्याच्या डोक्यासाठी फाइल, फिल्म, अमेरिकेचे दाखले. तिच्या डोक्यासाठी एक केसपेपरसुद्धा नाही. आणि हा शोध काही आजचा नाही. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर न्यू जर्सीच्या डॉ. मार्टलंड यांनी 1928 मध्येच लिहिलं होतं, आणि 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या एका वृद्ध बाईची हकीकत आली: वर्षानुवर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली, मेंदू मात्र मुष्टियोद्ध्यासारखा झालेला.

तिला चिठ्ठी देऊन महिला कॉन्स्टेबलबरोबर सरकारी रुग्णालयात पाठवलं, डोक्याच्या माराची नोंद ठळक करा असं सांगून. संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल गेला. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. नवऱ्यासाठी वेगळी चिठ्ठी, मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचार दोन्हींची. त्याला उपचार मिळायलाच हवेत, त्यात मला शंका नाही.

चिठ्ठी घेताना दिराला सहज विचारलं, "आता खेळत नाहीत ना?"

"खेळतो की. पेणला सामने आहेत ना."

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात उतरवू नका," असं मी चिठ्ठीखालीच लिहिलं. त्याच आठवड्यात मंडळाच्या कप्तानाचा फोन आला. घरातलं भांडण घरात मिटेल, म्हणाला, तेवढा अंतिम सामना खेळू द्या. मी म्हटलं, परवानगी मी देत नाही, डॉक्टरांचं लेखी आणा. "डॉक्टर काय, विश्रांतीच सांगणार," तो वैतागून म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.