तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी गिअर उशिरा टाकते, तर गिअरबॉक्स गेला का?

"भाऊ, गाडी गिअर उशिरा टाकस. गिअरबॉक्स गया का?" धुळे-साक्रीकडचा माणूस असं विचारतो, रावेर-यावलचा त्याच्या बोलीत विचारतो, पुण्याला नोकरीला असलेली पोरं दिवाळीला गावी आली की तेच विचारतात. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र टाकतं) आणली आणि क्लचचं पेडल नसलेली गाडी हळूहळू आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. तिच्या मागोमाग हा प्रश्नही आला. मी जळगावात याच गाड्यांचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझाच एक प्रश्न. उशीर नक्की कुठे होतो? गाडी उभी असताना लिव्हर डी (पुढे) किंवा आर (मागे) वर घेतला आणि गाडी क्षणभर गप्प राहिली, हा एक उशीर. गाडी पळत असताना रेस वाढत जाते पण पुढचा गिअर पडत नाही, हा दुसरा. दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. "गिअर उशिरा टाकते" एवढ्यावर जो गिअरबॉक्स उतरवायचा अंदाज देतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. हे मी ठामपणे सांगतो.

पळत्या गाडीचा उशीर आधी घेऊ, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत. एएमटीचं शेवटी सांगतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. पेडल किती दाबलंय, वेग किती आहे आणि गिअरबॉक्सचं ऑइल किती गरम आहे ते बघून तो सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, हुकूम देतो. सोलेनॉइड ऑइलचा रस्ता उघडतो, ऑइलचा दाब क्लचच्या प्लेटा दाबतो आणि गिअर लागतो. म्हणजे उशीर एक तर हुकमात होतो, नाही तर अंमलात. सगळं निदान या एका फरकावर उभं आहे, आणि तो फरक तुम्हाला घरबसल्या कळू शकतो. त्यासाठी आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा काटा बघायचा.

सपाट, मोकळा रस्ता घ्या, सोबत कुणाला तरी बसवा आणि काट्यावर नजर त्यालाच ठेवू द्या. पेडल हलकं आणि एकसारखं दाबा. काटा नेहमीपेक्षा वर गेला, समजा ३,५०० ला, आणि मग एका झटक्यात स्वच्छ खाली आला, तर गिअर उशिरा पडला पण नीट पडला. हुकूम उशिरा सुटला, प्लेटा शाबूत आहेत. पण गिअर बदलायच्या क्षणी काटा खाली यायच्या आधी तीनचारशेने वर उसळला, इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडलं आणि मग गाडीने धक्का देऊन गिअर पकडला, तर हुकूम वेळेवर सुटला होता. प्लेटा घसरल्या. काळजी करायची ती या उसळीची.

उशिरा सुटणाऱ्या हुकमाची कारणं बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर सापडतात. सकाळी इंजिन थंड असताना कॉम्प्युटर मुद्दाम गिअर लांबवतो, म्हणजे इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतात. बऱ्याच गाड्यांत इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत वरचा गिअर लागतच नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी तिसऱ्यातून चौथ्यात जात नाही अशी तक्रार येते. ती तिथे जाऊच नये, चढ ओळखून गिअर धरून ठेवणं हे तिचं काम आहे. जुन्या गाडीत ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचं बटण कुणाच्या तरी हाताने बंद झालेलं असतं, तर नव्या गाडीत स्पोर्ट मोड चालू राहिलेला असतो. बॅटरी काढून लावली किंवा ऑइल बदललं, की कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं पुसलं जाऊ शकतं. मग काही दिवस गिअर वेडेवाकडे पडतात किंवा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं यंत्र) लावून पुन्हा शिकवावं लागतं.

आणि इंजिनच दमलेलं असेल तर? हे फार जण विसरतात. इंजिन ओढत नाही म्हणून आपण पेडल जास्त दाबतो. कॉम्प्युटरला वाटतं मालकाला पळायचंय, आणि तो गिअर धरून ठेवतो. चोपड्याकडची एक डिझेल गाडी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे तिचा गिअरबॉक्स खोलायचं ठरलं होतं. पाळधीपर्यंत चालवून आणली. काटा वर जात होता, पण पडताना सरळ पडत होता, उसळी अजिबात नाही. दाबलं की मागे काळा धूर, आणि बॉनेटखाली शीळ घातल्यासारखा बारीक आवाज. खाली वाकून इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइपवर हात फिरवला तर क्लिपजवळ, वरून दिसणार नाही अशा बाजूला, बोटभर चीर होती आणि तिच्याभोवती ऑइलचा ओलसर काळा थर. टर्बोची हवा तिथून निसटत होती. पाइप बदलला आणि गिअर वेळेवर पडू लागले. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही. मालक आबा माणूस, शांत स्वभावाचे. पण खोलायला दिला असता तर काय झालं असतं, या विचाराने मलाच राग येत होता.

पाइप ठीक, एअर फिल्टर स्वच्छ आणि तरीही हुकूम उशिरा, तर स्कॅनर लावायचा. तोही नुसते बिघाडाचे कोड वाचून पुसायला लावायचा नाही. गाडी चालती ठेवून पेडलचा आकडा, गिअरबॉक्समध्ये येणारा वेग, त्यातून बाहेर जाणारा वेग, ऑइलचं तापमान आणि कॉम्प्युटरने मागितलेला गिअर एकाच वेळी बघायचे. पाय स्थिर असताना पेडलचा आकडा उड्या मारत असेल तर पेडलचा सेन्सर बघा. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरांच्या सर्किटचे कोड आहेत, आणि तिथे सेन्सरइतकाच त्याच्या वायरचा आणि सॉकेटचा संशय घ्यावा. पी०७३१ ते पी०७३६ हे कोड मात्र गंभीर. मागितलेला गिअर आणि प्रत्यक्ष फिरणं जुळत नाही असं ते सांगतात, म्हणजे घसरण. पी०७०० नुसता दिसला तर त्यावरून काहीच ठरवू नका. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता उभ्या गाडीचा उशीर. हा मोजता येतो. इंजिन नीट गरम करा, एसी बंद, जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर घट्ट. कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. न्यूट्रलमधून डी ला घ्या आणि गाडीला हलका हिसका बसेपर्यंतचा वेळ बघा. मिनिटभर थांबून पुन्हा करा, मग आर ला. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी डी ला सव्वा सेकंदाच्या आत आणि आर ला दीड सेकंदाच्या आत, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सर्रास दिसणारं माप आहे. तुमच्या गाडीचं थोडं वेगळं असू शकतं, पण अडीच-तीन सेकंद लागत असतील तर आतला दाब वेळेवर तयार होत नाही. ब्रेक दाबून रेस देण्याची स्टॉल टेस्ट मात्र घरी करू नका. पाच सेकंदांपेक्षा जास्त रेस दिली तर ऑइल फार तापतं आणि चांगल्या प्लेटा जळू शकतात.

उशीर थंडीत की गरमीत, हे इथे विचारायचं. सकाळी पहिल्यांदा उशीर, वळणावर आणि ब्रेक मारताना घसरण, मग गरम झाल्यावर बरं, असं असेल तर आधी ऑइल कमी आहे का बघा. गरम झालं की ऑइल फुगतं आणि पातळी थोडी वर येते, म्हणून तक्रार लपते. ऑइल भरपूर असूनही डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच त्रास होत असेल तर आतल्या सीलांचं रबर कडक झालेलं असण्याचा संभव जास्त. उलट, गाडी तापल्यावर उशीर वाढत असेल तर पातळ झालेलं ऑइल घासलेल्या पंपातून किंवा व्हॉल्व्ह बॉडीतून (ऑइलचे रस्ते आणि व्हॉल्व्ह असलेला भाग) गळून दाब सोडतंय. ते काम मोठं आहे, आणि त्याआधी गेज लावून लाइन प्रेशर, म्हणजे आतल्या ऑइलचा दाब, मोजलंच पाहिजे.

ऑइल बघायची रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून, काहींत बंद करून, आणि आता बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते, ठराविक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी बघतात. हाताला लागलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर टेकवा. पारदर्शक लालसर डाग पसरला तर ठीक. तपकिरी डाग आणि जळका वास आला तर प्लेटांचा भुगा त्यात उतरलाय. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. प्लेटांवरचा थर कागदासारख्या पदार्थाचा असतो आणि पाण्याने त्याचा चिकटवा सुटतो.

खान्देशात ऑइलबद्दल मी जास्त कडक आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, आणि ऑइलच्या कूलरवरून जी हवा जाते ती तीच. त्यात वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि धूळ कूलरच्या जाळीवर नमद्यासारखी बसते. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: ऐंशी अंशांच्या पुढे ऑइल दर दहा-अकरा अंशांनी तापलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून "लाइफटाइम ऑइल" या शब्दावर विसंबू नका, पुस्तकात कठीण वापरासाठी दिलेला किलोमीटरचा आकडा आपला समजा. आणि डबा उघडण्याआधी त्यावरचं स्पेसिफिकेशन वाचा. साधं एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं ऑइल), सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणारा, पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स) आणि ड्युअल क्लचचं (दोन क्लचचा गिअरबॉक्स) ऑइल एकमेकांत चालत नाही. साध्या ड्रेनमध्ये जुनं ऑइल तिसरा हिस्सा ते निम्मंच निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. वर्षानुवर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला दाबाने फ्लश मारण्यापेक्षा थोड्या अंतराने दोनतीनदा ड्रेन करणं मला पटतं.

एएमटीवाल्यांना हे बरंचसं लागू नाही. त्यांचा गिअरबॉक्स साधाच आहे, क्लच दाबून गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं, त्यामुळे प्रत्येक गिअरला होणारा छोटा खोळंबा ही त्याची जात आहे. तो अचानक वाढला तर बॅटरीचा व्होल्टेज, ब्रेक लाइटचा स्विच आणि क्लच प्लेट या क्रमाने बघा. दार उघडल्यावर ज्या गाड्यांत पंपाचा घूं आवाज येतो, तिथे तो वारंवार किंवा लांबलचक यायला लागला तर हायड्रॉलिक दाब टिकत नाही. क्लच नवा टाकला तर स्कॅनरने त्याची जागा पुन्हा शिकवून घ्या. सीव्हीटीत तर पायऱ्याच नसतात, रेस वर जाऊन तिथेच राहते आणि वेग मागून येतो. ती घसरण नव्हे.

तोवर गाडी चालवू का, असं तुम्ही हमखास विचारता. काटा उशिरा पण स्वच्छ पडत असेल तर जपून चालवा आणि आठवड्याभरात तपासून घ्या. काटा उसळत असेल तर चालवू नका, प्रत्येक घसरणीत प्लेटा जळतात आणि हजारांतलं काम लाखाकडे जातं. आणि बंद पडलीच तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून आणा, नाही तर सरळ फ्लॅटबेडवर घाला, मग एरंडोलहून आणायची असो की नवापूरहून.