मोडी कागद, चित्रं आणि कॅमेरा

पुण्यात पेठेपेठेत मोडीतले जुने कागद पडून आहेत, आणि लोक मोबाईलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, मग अक्षर कुठलं आणि डाग कुठला तेच वाचणाऱ्याला कळत नाही, फार वाईट वाटतं हो.

असे कागद आणि जुनी चित्रं नीट टिपायची असतील तर कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी लाइट. दोन सारखे एलईडी, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, खोलीतली ट्यूब बंद आणि पडदे ओढलेले. मग कोरा पांढरा कागद ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपरे आणि मधला भाग यांच्या उजेडाचे आकडे फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, फरक दिसला तर लाइट सरकवा. हे कंटाळवाणं आहे पण चित्राचे रंग इथेच वाचतात.

कॅमेरा सरळ खाली बघतोय का? कागदाच्या जागी सपाट आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर फ्रेमच्या मधोमध आलं पाहिजे, सपाटी दाखवणाऱ्या लेव्हलपेक्षा माझा यावर जास्त भरवसा. मॅक्रो लेन्स (जवळून टिपणारी), एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची संवेदनशीलता), रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), सोबत रंग ताडून बघायचा कलर चार्ट. जुन्या वाड्यातली लाकडी माडी असेल तर कुणी चाललं तरी हलते, म्हणून टायमर लावाच.

२४ मेगापिक्सेलमध्ये ए४ कागद ४०० पीपीआयला (म्हणजे दर इंचाला ४०० पिक्सेल) आरामात बसतो, ए३ मात्र साधारण ३४० वरच थांबतो, तेव्हा मोठं चित्र तुकड्यांत घेऊन जोडावं लागतं. रंग, शार्पनेस, उजेडाचा सारखेपणा कसा मोजायचा हे आयएसओ १९२६४ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलंय. आणि चुरगळलेला कागद जोर लावून सपाट करू नका, प्लीज.