सोलापूरच्या भट्ट्या आणि एक डोनट

सोलापूर म्हटले की चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी ही नावे आधी येतात. बेकरीचे नाव सहसा कोणी घेत नाही. माझ्या आत्याचे घर पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मला तिथे पहाटे जाग यायची ती यंत्रमागांच्या खटखटीने आणि मागच्या बोळातून येणाऱ्या भाजत्या पावाच्या वासाने. पुण्यात गेली काही वर्षे मी घरी ब्रेड करते, कधी डोनट तळते आणि दर वेळी तो वास आठवत राहते. म्हणून एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांची सवड मिळाली तेव्हा ठरवले की या खेपेला सोलापुरात फक्त बेकऱ्या पाहायच्या आणि शहरातला चांगला डोनट कुठे मिळतो, तेही शोधून काढायचे.

हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री पोहोचले. आत्याला बेत सांगितला, तर ती म्हणाली, "डोनट म्हणजे ते भोकाचं ना? ते जुळे सोलापूरकडं मिळतंय बघ. पण सकाळी आधी टोस्ट खा."

आत्याचे न ऐकता मी सकाळीच जुळे सोलापूर गाठले. तिथून आसरा चौक, मग सात रस्ता असा पहिला दिवस काचेच्या कपाटांपुढे उभे राहण्यात गेला. या भागांतल्या नव्या बेकऱ्या स्वच्छ आहेत, केक सुबक असतात, आणि अंडे न घालता घट्ट दुधावर केलेला स्पंजही अनेक ठिकाणी मऊ लागतो. डोनट मात्र मी चार दुकानांत खाल्ला आणि चारही ठिकाणी तो फ्रीजमधून बाहेर आला. वर चॉकलेटचा जाड थर, त्यावर रंगीत दाणे, आणि आत कोरडा, घशात अडकणारा पाव. सोलापूरच्या उन्हात चॉकलेट वितळते, म्हणून दुकानदाराला तो थंडच ठेवावा लागतो, हे मला समजते. पण पावाच्या जातीचा कोणताही पदार्थ बाहेरच्या हवेपेक्षा फ्रीजमध्ये लवकर शिळा होतो. भाजताना किंवा तळताना फुगलेला पिठातला स्टार्च थंडीत पुन्हा आवळतो आणि पाणी सोडतो, त्यामुळे सकाळचा डोनट दुपारीच कालचा लागतो. वरचा थर टिकवण्यासाठी आतला पाव गमवावा, हा सौदा मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून आत्याबरोबर मागच्या बोळातल्या भट्टीवर गेले. मालकांचे कुटुंब तेलुगू बोलणारे, गिऱ्हाइकांशी मराठी, कारागिरांशी हिंदी आणि एका म्हाताऱ्या आजोबांशी कन्नड, हे सगळे पाच मिनिटांत कानांवर पडले. मी आत डोकावून पाहू का, असे विचारल्यावर मालक म्हणाले, "या की ताई, पण चपला तिकडं काढा."

पत्र्याच्या दारामागे विटांची ठेंगणी, खोल भट्टी होती. रात्री तिच्यात लाकडे पेटवतात. घुमट आणि तळ पुरता तापला की निखारे बाहेर ओढतात, तळ ओल्या गोणपाटाने पुसून घेतात, आणि मग चिमूटभर मैदा आत टाकून तो किती झटकन तांबूस होतो, त्यावरून कारागीर उष्णता ओळखतो. यानंतर आत जाळ नसतो. विटांनी साठवलेली ऊब हळूहळू उतरत जाते आणि त्या उतरत्या उबेच्या क्रमाने बेकरीचा दिवस मांडलेला असतो. पहिल्या, सर्वांत कडक धगीत लादीपाव जातो. ती धग अडीचशे अंशांच्या आसपासची असते आणि पाव तिच्यात पंधरा-वीस मिनिटांत फुलून येतो. त्यामागून बन आणि ब्रेडचे साचे जातात, ऊब पावणेदोनशेवर उतरली की नानकटाई आणि बिस्किटे जातात, आणि अगदी शेवटी, शंभराच्या थोडे वर असताना, टोस्ट आणि बटर तासन्‌तास वाळत पडतात. टोस्टसाठी आदल्या दिवशीचाच ब्रेड लागतो, कारण ताजा ब्रेड कापताना फाटतो. बटर म्हणजे लोणी नव्हे, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही, पण परगावच्या वाचकांसाठी सांगते: चहात बुडवून खायचे, जिरे घातलेले, वाळवून कुरकुरीत केलेले ते छोटे गोल पाव असतात.

हे पाहिल्यावर पहिल्या दिवशीची माझी चूक उमगली. कोणत्याही वेळी कोणत्याही दुकानात जाऊन तिथला पदार्थ जोखणे हा बेकरीवर अन्याय आहे. जुन्या भट्टीवर प्रत्येक पदार्थाचा प्रहर ठरलेला असतो. पाव पहाटे पाच ते सहा, नानकटाई साधारण दहाला, टोस्ट दुपारनंतर. मी दुपारी बारा वाजता पाव विकत घेऊन बेकरीला नावे ठेवली असती, तर दोष माझा होता. म्हणूनच या लेखात मी दुकानांची नावे देत नाही. एका खेपेवरून कोणाला पहिला आणि कोणाला दुसरा ठरवावे, इतका माझा अधिकार नाही. भट्टी कुठे आहे आणि तिच्याकडे केव्हा जावे, हे मात्र खात्रीने सांगू शकते.

पहाटेची गर्दी पाहण्यासारखी होती. रात्रपाळी संपवून निघालेले यंत्रमाग कामगार कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे राहून बटर बुडवत होते, आणि शाळकरी मुले घरासाठी लादी नेत होती. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या हे शहर पाळ्यांच्या वेळेवर जगले. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, तरी पूर्व भागात मागांच्या पाळ्या आहेत, आणि ज्याला चूल पेटायच्या आधी किंवा विझल्यानंतर भूक लागते, त्याच्यासाठी टोस्ट-बटरसारखे तयार, कोरडे, टिकाऊ खाणे सोयीचे असते. कडक भाकरीमागेही हाच विचार असावा, असे मला वाटते. ज्वारीची पातळ भाकरी विस्तवावर पूर्ण वाळवून महिनोन्‌महिने टिकवणाऱ्या शहराला दोनदा भाजलेला पाव परका वाटलाच नसेल. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, पण तो वाळवून ठेवण्याची रीत सोलापूरच्या कोरड्या हवेला अशी मानवली की ती इथलीच वाटते.

आत्याने भट्टीसमोरच्या ओट्यावर बसून दिवाळीची आठवण सांगितली. तिच्या तरुणपणी पेठेतल्या बायका मैदा, पिठीसाखर आणि तूप मापून डब्यात घेऊन इथे यायच्या. काही जणी पीठ घरीच मळून आणायच्या, काही जणी कारागिराकडून समोर मळून घ्यायच्या, कारण तूप बदलले जाईल, अशी धास्ती असे. मग पत्र्यावर गोळे थापायचे, वर वेलदोड्याचा दाणा किंवा चारोळी लावायची, नावाची चिठ्ठी पत्र्याच्या कडेला खोचायची आणि रांगेत बसायचे. भाजणावळ किलोवर घेत. आपला पत्रा बाहेर येईपर्यंत शेजारणीच्या नानकटाईला किती भेगा पडल्या, हे प्रत्येक जण पाहत असे, कारण भेग नीट पडली तर तूप पुरेसे आहे, असे मानत. आत्या म्हणाली, "माझ्या नानकटाईला कधी भेग पडली नाही असं झालं नाही." हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. आजही दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लोक डबे घेऊन येतात, असे मालकांनी सांगितले, आणि रमजान ईदच्या आधीही.

खारीसाठी मी लष्कर भागात गेले. इंग्रजी अमदानीत सोलापुरात छावणी होती, त्या काळापासूनचे हे नाव आहे. खारी इथे उत्तम मिळाली. मळलेल्या मैद्यात घट्ट स्निग्ध पदार्थ ठेवून तीनपदरी घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी घालायची. चार वेळा हे केले की आत ८१ थर होतात. एप्रिल-मेमध्ये ते स्निग्ध पदार्थ पिठात वितळून मुरतात आणि थरच उरत नाहीत, म्हणून इथले कारागीर उन्हाळ्यात खारीचे काम मध्यरात्रीनंतर आणि बर्फाच्या पाण्याने करतात. वनस्पती तुपाबद्दल मला काळजी वाटते आणि ती मी तिथे बोलूनही दाखवली. अन्नसुरक्षेच्या नियमांनी जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला अपायकारक अशा चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तरीही टाळूला चिकटणारी खारी मी घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये. चांगली खारी तोंडात चुरते आणि मागे मेणचट थर ठेवत नाही.

आणि डोनट? तो मला त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साखर पेठेकडून परतताना सापडला, तोही शोध सोडून दिल्यावर. एका जुन्या बेकरीच्या दारात कढई चढवलेली होती. सकाळच्या बनच्याच पिठातून थोडे बाजूला काढून, त्यात दूध-लोणी वाढवून, दुपारभर फुगवलेल्या चकत्या एक मुलगा तेलात सोडत होता. मी जवळ जाऊन पाहिले, तर प्रत्येक डोनटच्या कडेला मध्यभागी फिकट पट्टा होता. पीठ नीट फुगले असेल तरच डोनट तेलावर अर्धा वर तरंगतो आणि दोन्ही बाजू तळल्या तरी मधली कड पांढरट राहते. तो पट्टा नसेल तर पीठ जड आहे, असे खुशाल समजावे. तेल १८० अंशांच्या जवळ असावे लागते, त्याहून थंड झाले की डोनट तेल पितो. भोकाचे कारण मेदूवड्याचेच आहे, मध्यभाग कच्चा राहू नये; आपल्या बालुशाहीला अंगठ्याने खळगा पाडतात, तोही त्याचसाठी. मुलाने डोनट निथळवून दळलेल्या साखरेत आणि वेलदोड्याच्या पुडीत घोळवला आणि कागदावर ठेवून दिला. चॉकलेट नाही, दाणे नाहीत. बाहेरून जेमतेम पापुद्र्याएवढा कुरकुरीत, आत ओलसर, ओढला की तंतू सुटणारा. सोलापुरातला मी खाल्लेला सर्वांत चांगला डोनट हाच, आणि पुण्यात मी स्वतः तळलेल्या कोणत्याही डोनटपेक्षा तो सरस होता. वीस मिनिटांत कढई उतरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पुन्हा गेले तर परात रिकामी होती आणि मुलगा म्हणाला, "ताई, साडेपाचला यायचं की."

परतीची हुतात्मा सकाळी लवकर असते. आत्याने आदल्या संध्याकाळी घेतलेला टोस्ट वर्तमानपत्रात गुंडाळून, खारी पत्र्याच्या डब्यात, आणि दोन्हींच्या मध्ये शेंगा चटणीची पुडी अशी पिशवी भरून दिली. कुर्डुवाडीला चहावाला डब्यात चढला. मी टोस्ट काढला, शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनाही दिला. ते सोलापूरचेच होते. एक घास खाऊन त्यांनी विचारले, "कन्ना चौकामागच्या भट्टीचा का?" मी हो म्हटले. त्यांनी उरलेला टोस्ट चहात बुडवला आणि म्हणाले, "चारच्या सुमारास घेतला असणार."

आदल्या दिवशी तो घेतला, तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती.