पायक्रिप्टोवर उभी असलेली लायब्ररी फोर्क करताना

उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्ये संपला, तेव्हा आमची पेमेंट सर्व्हिस २२.०४ वर हलवायची ठरली. म्हणजे पायथॉन ३.६ वरून थेट ३.१०. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी असलेली रिक्वायरमेंट्स फाइल चालवली, सगळं मुकाट इन्स्टॉल झालं, सर्व्हिस उठली आणि टेस्ट सर्व्हरवरचं पहिलंच पेमेंट 'सिस्टम एरर' देऊन पडलं. एररमध्ये 'पीवाय एस-साइझ-टी क्लीन' नावाच्या मॅक्रोबद्दल (सी कोडच्या सुरुवातीला लिहायची एक व्याख्या) तक्रार होती.

असा एरर दिसला की पायथॉनच्या फायली चाळत बसू नये, तो खालच्या सी एक्स्टेन्शनमधून, म्हणजे पायथॉनला जोडलेल्या सी भाषेतल्या कोडमधून येतो. लांबीसकट स्ट्रिंग घेणाऱ्या सी कोडला पायथॉन ३.१० ते ३.१२ मध्ये हा मॅक्रो सक्तीचा आहे. तो नसला तरी कंपाइल बिनबोभाट होतं, फंक्शन कॉल झाल्यावरच बिंग फुटतं. डिपेंडन्सींचं झाड, म्हणजे कोणता कोड कशावर उभा आहे ते, काढून पाहिलं. वर आमचा कोड, त्याखाली पेमेंट गेटवेचे (पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या सेवेचे) मेसेज एन्क्रिप्ट आणि साइन करणारी एक छोटी लायब्ररी, तिच्याखाली एन्क्रिप्शनचं मूळ काम करणारी पायक्रिप्टो ही जुनी लायब्ररी. पायक्रिप्टोचं शेवटचं रिलीज २.६.१, ऑक्टोबर २०१३ चं. पुढे तिच्यात हीप बफर ओव्हरफ्लो (मेमरीत ठरल्या जागेबाहेर लिहिलं जाण्याची चूक) सापडला, त्याला सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१३-७४५९ असा क्रमांकही मिळाला. दुरुस्ती रिपॉझिटरीत (कोडच्या जाहीर साठ्यात) गेली, पण नवं रिलीज काही निघालं नाही. पायथॉन ३.८ ने टाइम मॉड्यूलमधलं 'क्लॉक' काढून टाकलं तेव्हा तिचा रँडम आकडे देणारा भागही मोडला.

मधली लायब्ररी एका माणसाने लिहिलेली, एमआयटी लायसन्सची, काही शे ओळींची. अशा वेळी फोर्क, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची प्रत घेऊन ती स्वतः पुढे चालवणं, हा पहिला पर्याय नसतोच. ती फक्त आपणच वापरत असू तर सरळ आपल्या कोडमध्ये कॉपी करावी, वरची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तसाच ठेवावा आणि मोकळं व्हावं. जाहीर फोर्क म्हणजे अनोळखी लोकांचे इश्यू आयुष्यभर अंगावर घेणं. इथे मात्र आमचं दुसरं एक पॅकेज हीच लायब्ररी नावाने ओढत होतं आणि तिच्या रिपॉझिटरीत पायक्रिप्टो काढा म्हणणारे पुल रिक्वेस्ट (इतरांनी सुचवलेले बदल) धूळ खात पडले होते. म्हणून फोर्क.

कोडला हात लावण्याआधी पायपीआय या पायथॉन पॅकेजांच्या जाहीर भांडारातलं सोर्स पॅकेज उतरवलं आणि रिपॉझिटरीतल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी डिफ केला, म्हणजे फरक काढून पाहिला. दोन्ही एकच असतील असं गृहीत धरू नये. एक्सझेड या फायली आवळणाऱ्या साधनाच्या २०२४ च्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ मधला बॅकडोर (चोरदरवाजा) जागा करणारी बिल्डची फाइल रिलीजच्या टारबॉलमध्येच (एकत्र बांधलेल्या फायलींतच) होती, गिटमध्ये नव्हती. इथे निघालं ते निरुपद्रवी, पण महत्त्वाचं: तारखेला टाइमझोन जोडणारी दोन ओळींची दुरुस्ती फक्त पॅकेजमध्ये होती. लेखकाने बहुधा लॅपटॉपवरून रिलीज केलं आणि पुश राहून गेला. नुसत्या गिटवरून फोर्क केला असता तर तो बग परत जिवंत झाला असता. त्यामुळे फोर्कमधला पहिला कमिट म्हणजे पॅकेजमधल्या फायली जशाच्या तशा, मेसेजमध्ये पॅकेजचा शा-२५६ हॅश (फाइलची ओळख पटवणारा ठसा).

मग जुनी लायब्ररी नेमकं काय करते याचा पुरावा गोळा केला. पायथॉन ३.६ च्या डॉकर इमेजमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) तिला पायक्रिप्टो २.६.१ सकट बसवलं. पायपीआयवर पायक्रिप्टो फक्त सोर्स रूपात आहे, तेव्हा जीसीसी हा सी कंपायलर असलेली पूर्ण इमेज घ्यावी, स्लिम नको. ठरलेल्या की, ठरलेले आयव्ही (एन्क्रिप्शनला सुरुवातीला द्यायचे बाइट्स), ठरलेले मेसेज देऊन येणारं प्रत्येक आउटपुट हेक्समध्ये जेसन फाइलमध्ये साठवलं. आरएसएची पीकेसीएस-१ व्ही-१.५ सही दर वेळी तीच येते, म्हणून ती बाइटनुबाइट जुळवता येते. आरएसएच्याच ओएईपी (एन्क्रिप्शनची) आणि पीएसएस (सहीची) या पद्धतींमध्ये रँडम भाग असतो, तिथे जुन्याने केलेलं नव्याने उलगडता येतं का एवढंच तपासायचं.

नवा पाया म्हणून पायक्रिप्टोडोम घेतलं, कारण त्याचा एपीआय (कोडमधून वापरायची रीत) जुन्याच्या सर्वांत जवळ. पण घेताना शेवटी एक्स असलेलं रूप घेतलं. साधं पायक्रिप्टोडोम 'क्रिप्टो' याच फोल्डरमध्ये बसतं, जिथे पायक्रिप्टोही बसतं. दोन्ही एका एन्व्हायर्नमेंटमध्ये आली की एकाच्या फायली दुसऱ्यावर चढतात, आणि पॅकेजं बसवणाऱ्या पिपची तपासणीची कमांड त्यावर चकार शब्द काढत नाही. एक्सवालं 'क्रिप्टोडोम' या वेगळ्या नावाने इम्पोर्ट होतं.

सगळ्यात बेरकी निघाली सहीची तपासणी. जुना व्हेरिफाय ट्रू किंवा फॉल्स देतो. पायक्रिप्टोडोममधला नवा 'पीकेसीएस-१ अंडरस्कोर १५' हा मॉड्यूल सही चुकीची असेल तर व्हॅल्यू एरर फेकतो आणि बरोबर असेल तर काहीच परत देत नाही. जुन्या 'इफ'मध्ये तो तसाच घातला तर प्रत्येक खरी सही खोटी ठरते. त्यावर उतारा म्हणून कुणी घाईत नुसता 'ट्राय' लावून एरर गिळला, तर खोट्या सह्याही आत शिरतात. फोर्कमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं, व्हॅल्यू एरर आला तर फॉल्स, नाहीतर ट्रू. शिवाय सहीतला एकेक बाइट बदलून फॉल्सच येतं का याची टेस्ट. बाकीचं त्यामानाने किरकोळ: एकाच सायफर ऑब्जेक्टवर एन्क्रिप्टनंतर डिक्रिप्ट चालत नाही, दोन वेगळे बनवावे लागतात.

पायथॉन ३ मध्ये जुनी पायक्रिप्टो साधी स्ट्रिंग स्वीकारून आतल्या आत यूटीएफ-८ करत असे. नवी ती साफ नाकारते, बाइट्सच मागते. एन्कोड कुठे करायचं हा प्रश्न इथे आला, आणि आमच्या कोडमधल्या एका जुन्या शेऱ्याचा उलगडा झाला: 'ग्राहकाचं नाव रोमनमध्येच पाठवा'. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. लायब्ररी आधी अक्षरं मोजून पॅडिंग (लांबी १६ च्या पटीत आणणारी भर) लावत होती, एन्क्रिप्शन मात्र बाइट्सवर चालत होतं. 'सुनंदा' या नावात काना, उकार, अनुस्वार धरून युनिकोडची ६ चिन्हं. लायब्ररी १० ची भर घालून १६ करणार. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं, म्हणजे नाव १८ बाइट्सचं, भरीसकट २८. १६ च्या पटीत नाही, एरर. आधी एन्कोड आणि मग पॅडिंग केलं की १८ वर १४, बरोबर ३२. रोमन नावांना दोन्ही क्रम सारखेच, त्यामुळे जेसनमधलं एकही आउटपुट बदललं नाही. तरीही ही दुरुस्ती वेगळ्या रिलीजमध्ये टाकली. पहिल्या रिलीजमध्ये पाया बदलण्यापलीकडे काही नसावं. काही मोडलं तर कशामुळे, हे शोधणं सोपं जातं.

मूळ लेखकाला आधीच मेल केला होता. त्यांचं उत्तर आलं, पायपीआयवरचं पॅकेजच नावावर करून देतो म्हणाले. नको म्हटलं. जुनं नाव वापरणाऱ्या सगळ्यांकडे पुढच्या अपडेटला आमचा कोड आपोआप गेला असता, त्यांनी आम्हाला निवडलेलं नसताना. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम हे जावास्क्रिप्टचं पॅकेज असंच एका अनोळखी माणसाच्या हाती गेलं आणि त्यातून बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड पसरला. त्यापेक्षा त्यांनी रीडमीत आमच्या फोर्कची लिंक दिली आणि रिपॉझिटरी आर्काइव्ह केली.

पॅकेजचं नाव नवं, इम्पोर्टचं नाव जुनंच. त्यामुळे क्रम पाळावा लागतो: आधी जुनं अनइन्स्टॉल, मग नवं इन्स्टॉल. उलट केलं तर जुनं काढताना पिप त्याच नावाच्या फायली उडवतो, म्हणजे नव्याच्याच. जुनं पॅकेज नावाने मागणाऱ्या तिसऱ्या पॅकेजला 'आम्ही त्याच्या जागी आहोत' हे पिपला सांगायची सोय नाही. तिथे डिपेंडन्सी वगळून इन्स्टॉल करणं किंवा यूव्ही या पिपसारख्या साधनातलं ओव्हरराइड, एवढंच हातात आहे. गिटहबच्या फोर्कमध्ये इश्यू आणि ॲक्शन्स आधी बंद असतात, तेही आठवणीने चालू करावे.

राहिलं एक. रिफंडच्या मेसेजसाठी लायब्ररी एईएस या एन्क्रिप्शनला मोडच, म्हणजे १६-१६ बाइट्सचे तुकडे कसे हाताळायचे हे, देत नव्हती. पायक्रिप्टो अशा वेळी गुपचूप ईसीबी धरते (यात प्रत्येक तुकडा सुटा एन्क्रिप्ट होतो, म्हणून सारखे तुकडे सारखेच दिसतात), पायक्रिप्टोडोम मोड नसेल तर टाइप एरर देतं. जेसन फाइलमध्ये ते डोळ्यांना दिसतही होतं: शून्यांनी भरलेल्या फील्डपाशी ३२ हेक्स अक्षरांचा तोच तुकडा लागोपाठ दोनदा. पलीकडचा गेटवे हाच फॉरमॅट मागतो, म्हणून फोर्कमध्ये ईसीबी उघडपणे लिहिलं आहे आणि ते फंक्शन वापरलं की लॉगमध्ये वॉर्निंग पडते. गेटवेने रिफंडला सीबीसी (तुकडे एकमेकांशी साखळीने जोडणारा मोड) स्वीकारायला सुरुवात केली की काढायचं, असा इश्यू उघडून ठेवला आहे. तो अजून उघडाच आहे.