गार्डन सिटीचं स्थळ

मी अमेरिकेत कोलंबसला घरी बसून स्थळं बघते. हे वर्णन सासूबाईंचं. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या, आठवडाभर माझे फोन ऐकले आणि निकाल दिला. एका सरकारी विद्यापीठाच्या ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून स्वतः औषध लिहून देणारी नर्स) कोर्सचं क्लिनिकल प्लेसमेंट, म्हणजे विद्यार्थिनींना प्रत्यक्ष पेशंट बघायला जागा शोधून देणं, माझ्याकडे आहे. विद्यार्थिनीचं गाव, तिची ड्युटी, तिला हवे असलेले तास एका बाजूला. दुसऱ्या बाजूला स्वतःचे पेशंट सांभाळून हिला शिकवायला तयार असलेला प्रिसेप्टर, बहुतेकदा फुकट. पत्रिकाच ती!

लेक्चर कुठूनही ऐकता येतं, पण लॅपटॉपवर पोट चाचपता येत नाही. त्यात २०२२च्या राष्ट्रीय निकषांनी पेशंटसोबतचे किमान तास ५०० वरून ७५० केले. प्रिसेप्टर काही त्या हिशोबात वाढले नाहीत. सगळ्यात जास्त ओढाताण लहान मुलं तपासायच्या तासांची. आणि १९६५मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स सुरू केला तो मुलांच्या तपासणीसाठीच!

ऑगस्टमधला शुक्रवार होता. सकाळी आठ-वीसला कॅन्ससमधल्या गार्डन सिटीहून फोन आला. तिथे सात-वीस. विद्यार्थिनी आयसीयूतली रात्रपाळी संपवून पार्किंगमधूनच बोलत होती. तिचं ठरलेलं मुलांचं क्लिनिक एका मोठ्या हॉस्पिटल समूहाने विकत घेतलं होतं. आमचा करार जुन्या मालकाशी, नव्यांशी नाही. त्यामुळे सोमवारपासून येऊ नका. पाच वाजेपर्यंत दुसरी जागा नाही मिळाली तर सत्र बुडालं, थेट जानेवारी.

मी नव्या मालकांच्या ऑफिसला फोन लावला. करार तपासायला आठ ते बारा आठवडे, म्हणाले. वर त्यांच्या मसुद्यात नुकसानभरपाईच्या हमीचं कलम. सरकारी विद्यापीठ म्हणून त्यावर आम्हाला सही करता येत नाही, आणि त्याशिवाय त्यांचे वकील हलत नाहीत. हे मला पाठ आहे. तरी दरवेळी विचारून बघते.

मग तिच्या वहीतल्या पानांचे फोटो मागवले. एक्केचाळीस फोन तिने स्वतः केले होते, प्रत्येकापुढे तारीख आणि ‘नाही’. (आमच्या माहितीपत्रकात ‘प्लेसमेंटसाठी मदत’ ठळक अक्षरात आहे, ‘अंतिम जबाबदारी विद्यार्थ्याची’ हे तळाशी बारीक. त्या बारीक अक्षरांची लाज मला फोनवर वाटते.) सत्तावीस नंबरपुढे मात्र ‘नाही’ नव्हतं, ‘उचलत नाहीत’ होतं.

मी त्यांच्या जेवणाच्या वेळेला लावला. बाईंनी स्वतः उचलला, तोंडात घास असावा. ७० मैलांवरच्या छोट्या गावातलं फॅमिली क्लिनिक, मालकीण त्याच, त्याही नर्स प्रॅक्टिशनर. मागे मुलांचा गलका. शाळा सुरू व्हायच्या आधी खेळाडू मुलांना तपासणीचा कागद लागतो, त्याची रांग लागली होती. मी मुद्द्याचं बोलले.

त्या म्हणाल्या, “मुलगी झोपून येणार का?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्यांनी परत विचारलं. आधीची विद्यार्थिनी रात्रपाळीवरून थेट यायची, परत जाताना तिची गाडी खड्ड्यात गेली. सुदैवाने वाचली.

खोटं बोलून सुटता आलं असतं. घड्याळात एक-पंचवीस झाले होते. मी सांगितलं, रात्रपाळी आहे, दर गुरुवारी नक्की.

“मग शुक्रवार नको. मंगळवारी पूर्ण दिवस, शनिवारी अर्धा.”

मी कागदावर गणित केलं: आठ आणि चार बारा, गुणिले चौदा आठवडे, १६८. हिला हवेत १५०. पण क्लिनिक सगळ्या वयांचं आणि तास फक्त मुलांचेच धरायचे, त्यामुळे प्राध्यापिकेला विचारावं लागलं. रोजची नोंद काटेकोर ठेवायच्या अटीवर तिने मान्य केलं, पण त्यात तास गेला. मग बाईंना करार पाठवला. त्यांच्याकडे कायदा विभाग नाही. दहा मिनिटांत सही करून फॅक्स केला. मोठ्यांकडे तीन महिने, इथे दहा मिनिटं.

सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या. “जमलं?”

“जमलं. सत्तर मैल लांब आहे.”

“लांब तर लांब. माणसं कशी आहेत?”

“झोपेची चौकशी करणारी.”

“मग चांगली आहेत.”

साडेचारला शेवटची फाइल तपासायला घेतली. लसी, बीएलएस (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, पार्श्वभूमीची तपासणी, सगळं हिरवं. टीबीची तपासणी मात्र सोमवारी संपत होती, आणि क्लिनिकचा पहिला दिवस मंगळवार. तिच्या हॉस्पिटलने नोकरीसाठी अलीकडे केलेली असणार, तोच रिपोर्ट चालला असता. पटकन फोन फिरवला. दोनदा वाजला आणि मीच कट केला. आज रात्री परत ड्युटी होती तिची. ईमेल टाकून ठेवला.