बोन सिमेंट कालवायला शिकलो तेव्हा

जळगावला ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन म्हणून लागलो आणि गुडघा बदलायच्या ऑपरेशनला नवा सांधा ज्याने हाडात पक्का बसवतात ते सिमेंट कालवायचं काम माझ्याकडे आलं. पावडर ४० ग्रॅम, लिक्विड २० मिली, त्यात काय एवढं म्हणून भजीचं पीठ फेटतात तसं दणादण फेटलं. वास एवढा उग्र की डोळे चुरचुरतात, दातांची कवळी बनवतात तिथे येतो तोच, कारण वस्तू पण तीच, ऍक्रेलिक. मागून सिस्टर म्हणाल्या, "हळू रे भो, हवा नको भरू त्यात."

केस संपल्यावर वाटीत उरलेला गोळा कडक झालेला पण अजून गरम होता. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी तो बाहेर नेऊन फोडायला लावला. आत भोकंच भोकं, एक तर मुगाच्या दाण्याएवढं! सर म्हणाले, चीर इथूनच सुरू होते. दाबाला हे सिमेंट भक्कम, आयएसओ ५८३३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कमीत कमी ७० मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण ७०० किलो, पण वाकवायला गेलं की कच्चं, तिथे अट ५० चीच आहे, आणि ओढ तर त्याहून कमी सोसतं. एका झटक्यात काही होत नाही, पण पेशंट वर्षाला लाखो पावलं चालतो आणि दर पावलाला त्या भोकाशी चीर थोडी थोडी पुढे सरकते.

मी तर याला गोंद समजत होतो. हे चिकटत नाही, हाडाच्या जाळीत घुसून अडकून बसतं, म्हणून आधी हाड धुवून कोरडं करतात, मधे रक्ताचा थर राहिला की तिथलं काम कच्चं.

मग मे महिना, ४४-४५ डिग्री. बॉक्सवर २५ च्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आमचे रात्रभर स्टोअरमध्ये बिना एसीचे पडलेले. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की लावायचं असतं, पण त्या दिवशी ते मिनिटभरातच आवळायला लागलं, सरांनी बघितलं आणि सगळं फेकलं. ओटीतला दुसरा गार बॉक्स फोडला. आत टेबलावर कोणाची तरी आजी होती, माझे हात थरथरत होते.

आता बॉक्स आदल्या संध्याकाळीच मी स्वतः एसीत आणून ठेवतो, हवा ओढून घेत कालवणारा व्हॅक्युम मिक्सर पण आलाय. फोडलेला गोळा लॉकरमध्ये जपून ठेवलाय, नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तोच देतो.