मालवणात एक दिवस: किल्ला, ओहोटी आणि पद्मगड

सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं तर सकाळची पहिली होडी धरा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे आधीच लक्षात ठेवा. होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात. ४८ एकरांच्या किल्ल्याला तो पुरत नाही, म्हणून जास्त वेळ हवा असेल तर धक्क्यावरच बोलून घ्या.

महादरवाजा किनाऱ्यावरून दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलाय. बांधकाम १६६४ साली सुरू झालं, तेव्हापासून ही रचना शत्रूला चकवत आली. आत शिरल्यावर वर पाहा. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे तिथेच आहेत. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव पाहा. चहूकडे खारं पाणी आणि या विहिरींत गोडं! एवढं एक पाहायला तरी इथे यावं.

पद्मगड या जवळच्या छोट्या किल्ल्यावर पाण्यातून चालत जायचं, त्यामुळे तिथे मात्र ओहोटी साधावी लागते. कोकणातला साधा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे साधारण सहा तासांनी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). अष्टमीला भांग (कमजोर भरती-ओहोटी) असतो, पाणी फारसं हटत नाही, त्या दिवशी जाऊच नका. बरेच जण परतताना फसतात, कारण पाणी खोलगट जागांतून आधी भरतं आणि मागची वाट नकळत तुटते. सुकतीआधी निघा, पाणी वळताच परत फिरा. शेवाळलेल्या खडकांवर गुळगुळीत चपला नकोत. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका.